छोटी पावले, छोटी सहल : लहान मुलांसह थीम पार्कचे नियोजन

थीम पार्कमधील बहुतेक मोठ्या राइडच्या तोंडाशी उंची मोजण्याची एक पट्टी उभी असते. पाऊण तास रांगेत तिष्ठून आलेले एखादे बालक त्या पट्टीला पाठ लावून उभे राहते, टाचा हळूच उचलते आणि तरीही दोन बोटे कमी पडते. कर्मचारी नम्रपणे नकार देतो. मूल रडू लागते, आई त्याची समजूत घालते आणि वडील विचारतात, 'मग एवढे पैसे भरले ते कशासाठी ?' या प्रसंगात दोष कर्मचाऱ्याचा नसतो आणि मुलाचा तर नसतोच नसतो. चूक झालेली असते ती नियोजनात, आणि तीही घराचा उंबरठा ओलांडण्यापूर्वीच.

अंदाजपत्रक हा शब्द बँकेच्या ग्राहकाला नवा नाही. परंतु लहान मुलांसह करावयाच्या सहलीचे अंदाजपत्रक केवळ रुपयांत मांडून भागत नाही. ते सेंटिमीटरमध्ये, तासांमध्ये आणि मुलाच्या दमामध्येही मांडावे लागते. यांपैकी रुपयांचा हिशेब चुकला तर तो पुढेमागे सावरता येतो. मुलाचा हिरमुसलेला दिवस मात्र परत आणता येत नाही.

कल्पनेचा उगम

करमणुकीची उद्याने ही काही आजची कल्पना नव्हे. डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरातील टिव्होली गार्डन्स १८४३ साली सुरू झाले. आधुनिक थीम पार्कची परंपरा मात्र प्रामुख्याने वॉल्ट डिस्ने यांच्यापासून मोजली जाते. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये आपल्या मुली गोल फिरणाऱ्या घोड्यांवर बसत आणि आपण बाकावर बसून त्यांच्याकडे पाहत राहत असू, अशी आठवण ते सांगत. मुले आणि पालक या दोघांनाही एकत्र रमता येईल अशी जागा असावी, हा विचार त्या बाकावर सुचला. त्यातूनच १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे डिस्नेलँडचे दरवाजे उघडले.

तो पहिला दिवस नियोजनाच्या विद्यार्थ्याने अवश्य अभ्यासावा असा आहे. बनावट निमंत्रणपत्रिकांमुळे गर्दी अपेक्षेबाहेर गेली. नळकारागिरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याची पुरेशी सोय होऊ शकली नव्हती. कडक उन्हात नव्या डांबरी रस्त्यात स्त्रियांच्या बुटांच्या टाचा रुतल्या. उद्यान उभारणाऱ्या माणसाचाही अंदाज गर्दी, पाणी आणि ऊन या तीन गोष्टींनी चुकवला. सहलीला निघणाऱ्या कुटुंबाचा अंदाजही बहुधा याच तीन गोष्टी चुकवतात.

आपल्या देशात दिल्लीचे अप्पू घर १९८४ साली सुरू झाले. १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या शुभंकरावरून त्याला नाव मिळाले होते. ते उद्यान २००८ साली बंद झाले. गोराईच्या एस्सेलवर्ल्डने १९८९ पासून मुंबईकरांच्या एका पिढीला आठवणी दिल्या. हैदराबादजवळची रामोजी फिल्म सिटी, २००५ साली सुरू झालेले बेंगळुरूचे वंडरला आणि २०१३ साली खोपोलीजवळ सुरू झालेले इमॅजिका ही नावे आज अनेक घरांत मुलांच्या तोंडी असतात.

पहिले माप : उंची

उद्यान निवडण्यापूर्वी घरातील भिंतीला मुलाला अनवाणी उभे करून उंची मोजावी आणि कागदावर लिहावी. हा या सहलीचा पहिला दस्तऐवज होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या वाढ-मानकांनुसार मुलांची मध्यम उंची तिसऱ्या वर्षी सुमारे ९५ ते ९६ सेंटिमीटर, चौथ्या वर्षी सुमारे १०३ आणि पाचव्या वर्षी सुमारे ११० सेंटिमीटर असते. कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमधील स्पेस माउंटन या राइडसाठी किमान १०२ सेंटिमीटर उंची लागते. म्हणजे चार वर्षांची बरीच मुले त्या रेषेच्या अलीकडे-पलीकडेच असतात. वेगवान रोलर कोस्टरसाठी तर सामान्यतः १२० ते १४० सेंटिमीटरची अट आढळते.

ही अट शोभेची नव्हे. राइडमधील आडवा दांडा किंवा खांद्यावरून येणारी पकड एका विशिष्ट आकाराच्या शरीरासाठी घडवलेली असते. त्याहून लहान शरीर वेगाच्या वळणावर तिच्यातून निसटू शकते. म्हणून जाड तळव्याचे बूट घालून किंवा कर्मचाऱ्याशी हुज्जत घालून अट चुकवणे, हे आपणच आपल्या मुलाचे संरक्षण काढून घेण्यासारखे आहे.

उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावर प्रत्येक राइडची उंचीमर्यादा पाहून दोन याद्या कराव्यात : मुलाला बसता येईल अशा राइड आणि न बसता येणाऱ्या राइड. दुसरी यादी मुलाला आधीच समजावून सांगावी. घरी ऐकलेला नकार मूल पचवते. रांगेच्या शेवटी मिळालेला नकार त्याला अपमानासारखा लागतो. पहिल्या यादीत सात-आठ नावेही नसतील, तर ते उद्यान दोन वर्षांनी पाहावे हे उत्तम.

पैशाची तरतूद

उदाहरणासाठी इंदूरच्या एका मराठी कुटुंबाची कल्पना करू. आई, वडील, साडेसहा वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. त्यांना खोपोलीजवळील उद्यान पाहावयाचे आहे. खर्चाचा आराखडा पुढीलप्रमाणे धरता येईल. हे आकडे केवळ मांडणी समजण्यासाठी आहेत. प्रत्यक्ष दर हंगामानुसार बदलतात.

रेल्वे प्रवास, जाणे-येणे : ७,००० रुपये
मुंबई ते खोपोली वाहन, जाणे-येणे : ५,५०० रुपये
दोन रात्रींचा निवास : ६,५०० रुपये
उद्यानाची तिकिटे : ५,५०० रुपये
भोजन व किरकोळ : ३,००० रुपये
आकस्मिक खर्च : २,५०० रुपये
एकूण : ३०,००० रुपये

रेल्वेच्या नियमानुसार पाच वर्षांखालील मुलाला स्वतंत्र शायिका नको असल्यास तिकीट लागत नाही. पाच वर्षे पूर्ण झालेल्या व बारा वर्षांखालील मुलासाठी शायिका घेतल्यास २०१६ पासून पूर्ण भाडे आकारले जाते. उद्यानांत मात्र मुलांचे तिकीट वयावर की उंचीवर हे ठिकाणागणिक बदलते, तेव्हा ते आधी विचारून घ्यावे.

आता हे ३०,००० रुपये आणावयाचे कोठून ? एक मार्ग आवर्ती ठेवीचा. दरमहा २,५०० रुपये याप्रमाणे बारा महिने भरल्यास मुद्दल ३०,००० रुपये होते. वार्षिक ६ टक्के दर आणि तिमाही चक्रवाढ धरल्यास वर्षाअखेर सुमारे ३०,९८८ रुपये हाती येतात, म्हणजे ९८८ रुपये व्याज मिळते. दुसरा मार्ग क्रेडिट कार्डाचा. सहल आटोपली आणि बिलाची रक्कम मुदतीत भरता आली नाही, तर दरमहा साडेतीन टक्के आकारणी धरल्यास ३०,००० रुपयांवर एका महिन्याचे १,०५० रुपये होतात. त्यावर १८ टक्के जीएसटीचे १८९ रुपये मिळवले की १,२३९ रुपये झाले. बारा महिने धीर धरून जे मिळते, त्याहून अधिक एका महिन्याच्या घाईत जाते. कार्ड वापरू नये असा याचा अर्थ नव्हे. परंतु बिल फेडण्याची रक्कम खात्यात आधीच असावी, हे पथ्य पाळावे.

आवर्ती ठेवीचा आणखी एक लाभ पासबुकात दिसत नाही. हप्ता भरला की घरच्या दिनदर्शिकेवरील एक चौकोन मुलांनी रंगवावा. पैसे साठतात म्हणजे काय आणि वाट पाहणे म्हणजे काय, हे त्या बारा चौकोनांतून मुलांना जसे कळते तसे उपदेशाने कळत नाही.

तीन दिवसांची मांडणी

सहल छोटी असली की प्रत्येक तास भरून काढण्याचा मोह होतो. लहान मुलांच्या बाबतीत नेमके उलटे करावे. इंदूरहून रात्रीच्या अवंतिका एक्स्प्रेसने निघालेले हे कुटुंब सकाळी मुंबईस पोहोचेल आणि तेथून वाहनाने दुपारपर्यंत खोपोलीस. हा पहिला दिवस विश्रांतीचा. दुसरा पूर्ण दिवस उद्यानाचा. तिसऱ्या दिवशी निवांत न्याहारी करून मुंबई आणि सायंकाळची परतीची गाडी. तीन दिवसांत उद्यानाचा दिवस एकच. पण तो ताज्या अंगाने लाभलेला. थीम पार्क, जलउद्यान आणि बर्फाचे दालन अशा निरनिराळ्या सोयी एकाच आवारात असल्या तरी एकाच दिवशी सर्व उरकण्याचा हट्ट धरू नये.

रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या साठ दिवस आधी खुले होते, हे ध्यानात ठेवून तारीख ठरवावी. शनिवार-रविवार आणि दिवाळीची सुटी टाळून मधल्या वारी गेल्यास रांगा आखूड मिळतात. कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर पावसाचे, तर एप्रिल-मे उन्हाचे. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ मुलांना मानवतो.

उद्यानाच्या दिवशी दार उघडण्याच्या वेळेस हजर असावे. पहिल्या दोन तासांत मुलांच्या सर्वाधिक आवडीच्या राइड घ्याव्यात. साडेअकराच्या सुमारास, गर्दी होण्यापूर्वीच, भोजन उरकावे. दुपारी बंदिस्त दालनातील खेळ किंवा चित्रफीत पाहावी, अथवा सावलीत मुलाला मांडीवर झोपू द्यावे. मोठ्या राइडवर आई-वडिलांनी आळीपाळीने बसावे. एकाने मुलांजवळ थांबून नंतर पुन्हा पूर्ण रांग न लावता बसण्याची सोय काही उद्यानांत असते. तिची चौकशी प्रवेशद्वारीच करावी.

बुडीत खर्च

बुडीत कर्ज हा शब्द बँकेत सर्वांच्या परिचयाचा आहे. वाणिज्य शाखेत शिकवला जाणारा 'बुडीत खर्च' मात्र निराळा. जो खर्च होऊन गेला आणि पुढे कोणताही निर्णय घेतला तरी परत मिळणार नाही, तो बुडीत खर्च. पुढील निर्णय घेताना तो हिशेबात धरू नये, असा अर्थशास्त्राचा नियम आहे.

उद्यानाचे तिकीट हे त्याचे चोख उदाहरण. दुपारी तीन वाजता चार वर्षांचा मुलगा थकून किरकिर करू लागतो. वडील म्हणतात, 'अजून सहा राइड राहिल्या आहेत, पैसे वसूल झाले पाहिजेत.' वास्तविक तिकिटाचे पैसे सकाळीच गेले. सहा राइड घेतल्या तरी ते परत येणार नाहीत आणि न घेतल्या तरी अधिक जाणार नाहीत. त्या क्षणी निवड करावयाची आहे ती उरलेल्या चार तासांची : ते रडण्यात घालवायचे की खोलीवर परतून, झोप काढून, संध्याकाळी आवारात हसतखेळत फिरण्यात ? 'वसुली'चा शब्द मनातून काढला की उत्तर आपोआप सापडते.

यासाठी एक साधा उपाय आहे. आदल्या रात्री प्रत्येक मुलाकडून एकच इच्छा विचारून घ्यावी. एकाला गोल फिरणारे घोडे हवे असतील, दुसरीला मिरवणूक पाहावयाची असेल. त्या दोन इच्छा पूर्ण झाल्या की सहल सफल झाली असे मानावे. त्यापुढे मिळेल तो वरकड लाभ. बाहेर पडतानाच्या खेळण्यांच्या दुकानासाठीही प्रत्येक मुलाच्या हाती ठरावीक रक्कम, समजा २०० रुपये, आधीच द्यावी. स्वतःच्या मुठीतील नोट मूल फार विचाराने खर्च करते.

सुरक्षितता

सकाळी निघताना मुलांचे त्या दिवशीच्या कपड्यांतील छायाचित्र भ्रमणध्वनीवर काढून ठेवावे. मूल दिसेनासे झाले तर वर्णन करण्यात वेळ जात नाही. खिशात पालकांच्या भ्रमणध्वनी क्रमांकाची चिठ्ठी असावी, आणि चुकल्यास गणवेशातील कर्मचाऱ्याजवळ जाऊन थांबावे हे मुलांकडून दोनदा वदवून घ्यावे. पाण्याच्या ठिकाणी जीवरक्षक नेमलेला असला तरी मूल पालकाच्या हाताच्या अंतरावरच असावे. पाणी, ओआरएसची पाकिटे, टोपी आणि कपड्यांचा एक जादा जोड पिशवीत हवा.

पैशाची सुरक्षितताही तितकीच महत्त्वाची. भरघोस सवलतीची तिकिटे देऊ करणाऱ्या अनोळखी दुव्यांवरून खरेदी करू नये. उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करावा. परतावा मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीही द्यावा लागत नाही. फसवणूक झाल्याचे लक्षात येताच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर आणि आपल्या बँकेस तत्काळ कळवावे.

सहलीहून परतल्यावर मुलांना कोणती राइड किती मोठी होती हे फारसे स्मरत नाही. वडील आपल्याबरोबर घोड्यावर बसले होते आणि आईने खोलीवर गोष्ट सांगितली होती, हे मात्र दीर्घकाळ स्मरते. ज्या बाकावर बसून एका पित्याला हे उद्यान सुचले, त्या बाकावरून उठून मुलांच्या शेजारी बसणे, एवढाच या नियोजनाचा हेतू आहे. आणि पुढील वर्षी त्याच भिंतीपाशी उंची मोजताना मूल रेषेच्या वर गेलेले दिसले, तर आवर्ती ठेवीचा नवा हप्ता सुरू करण्यास तोच शुभमुहूर्त समजावा.