जुन्या मोटारसायकलीचा हवेचा डबा काढताना

जुन्या मोटारसायकली नव्याने उभ्या करून देण्याचे काम आज आपल्या अनेक मिस्त्री बंधूंच्या हाती आहे. राजदूत ३५० आणि जुनी दोन स्ट्रोकची येझदी यांचे उत्पादन केव्हाच थांबले, पण शौकीन गिऱ्हाईक त्यांच्यावर हात सैल सोडून खर्च करते. असे गिऱ्हाईक हमखास एक मागणी करते, की मूळचा हवेचा डबा काढा आणि कार्ब्युरेटरच्या तोंडाला बाजारातले गोल फिल्टर लावून द्या. काम दिसायला अर्ध्या तासाचे. पण याच कामानंतर महिनाभरात पिस्टन पकडतो किंवा त्याला भोक पडते, आणि दोष मिस्त्रीच्या नावावर जातो. म्हणून हा विषय मुळातून पाहू.

उदाहरणासाठी राजदूत ३५० घेऊ. यामाहाच्या आरडी ३५० वरून एस्कॉर्ट्स कंपनीने ही गाडी १९८३ मध्ये भारतात आणली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, दोन स्ट्रोक, दोन मिकुनी कार्ब्युरेटर आणि दोघांना मिळून हवेचा एकच डबा. हा डबा केवळ धूळ अडवण्यासाठी असतो हा मोठा गैरसमज आहे. डब्याचे तोंड लहान असते. त्यामुळे हवेला थोडा अडथळा होतो आणि कार्ब्युरेटरच्या नळीत ओढ वाढते. फ्लोटच्या वाटीवर मात्र बाहेरच्या हवेचा दाब असतो. या दोहोंच्या फरकाने जेटमधून पेट्रोल वर येते. कारखान्याने जेटचे नंबर हाच हिशोब धरून ठरवलेले असतात.

डबा काढला की अडथळा जातो. हवा जास्त शिरते आणि पेट्रोलची ओढ कमी होते, म्हणजे मिश्रण दोन्ही बाजूंनी पातळ होते. गाडी सुरुवातीला हलकी वाटते, आवाजही दमदार येतो, गिऱ्हाईक खूश होते. आत मात्र पिस्टनचा माथा तापत असतो. दोन स्ट्रोक इंजिनाला आत येणारे पेट्रोलच थंडावा देते. राजदूत ३५० मध्ये तेलासाठी वेगळा पंप आहे, त्यामुळे तेल तरी मिळत राहते. जुन्या येझदीत तेल पेट्रोलमध्येच मिसळायचे असते. तेथे पेट्रोल कमी पडले म्हणजे तेलही कमी पडले! येझदीच्या बाबतीत दुप्पट सावध राहावे ते याचसाठी.

आता कामाकडे वळू. प्रथम कार्ब्युरेटर आणि इंजिन यांमधील रबर तपासावे. जुने रबर कडक होऊन चिरते, तेथून चोरून हवा येते आणि मग कोणताही जेट लावला तरी गाडी वळणावर येत नाही. ही चीर शोधण्यासाठी चालू इंजिनावर पेट्रोल शिंपडण्याची सवय काहींना आहे. ती सोडून द्यावी, गॅरेजला आग लागण्यास तेवढे पुरते. रबर काढून, वाकवून उजेडात पाहिले तरी चीर दिसते.

फिल्टर घेताना त्याच्या तोंडाचे माप कार्ब्युरेटरच्या तोंडाशी नेमके जुळले पाहिजे. कार्ब्युरेटरच्या तोंडाच्या कडेला बारीक छिद्रे असतात, त्यांतून जेटांना हवा जाते. स्वस्त फिल्टरची जाड रबरी कड ही छिद्रे झाकते आणि मिस्त्री दिवसभर स्क्रू फिरवत बसतो. बसवण्यापूर्वी आत डोकावून एवढे पाहून घ्यावे.

मग जेट. जुन्या मुख्य जेटवरचा नंबर वाचून वहीत लिहावा. त्यापेक्षा दोन-तीन पायऱ्या मोठा जेट दोन्ही कार्ब्युरेटरांत लावावा आणि तेथून एकेक पायरी खाली यावे. लहानाकडून मोठ्याकडे जाऊ नये. जाड मिश्रणाने प्लग काळा होतो, पातळ मिश्रणाने पिस्टन जातो. थ्रॉटल पाव ते पाऊण उघडा असताना काम सुईचे असते. सुईची क्लिप एक खाच खाली सरकवली की सुई वर येते आणि पेट्रोल वाढते. आयडलसाठी पायलट जेट आणि हवेचा स्क्रू. मिकुनीच्या या प्रकारात हा स्क्रू आत फिरवला की मिश्रण जाड होते. दोन्ही स्लाइड एकाच वेळी उचलल्या जातात हेही पाहावे, नाहीतर एक सिलिंडर दुसऱ्याला ओढत राहतो.

परीक्षा प्लगवर होते. नवे प्लग लावावेत, मोकळ्या रस्त्यावर काही अंतर पूर्ण थ्रॉटलवर जावे, क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद करावे आणि प्लग काढून पाहावा. फिकट तपकिरी असेल तर ठीक. पांढरा असेल तर गाडी तशी गिऱ्हाइकाच्या हाती देऊ नये.

आमचे स्पष्ट मत असे, की रोज रस्त्यावर आणि पावसात चालणाऱ्या गाडीचा डबा शाबूत असेल तर तो काढू नये. गोल फिल्टर उघड्यावर असतो, त्यावर चाकाचे पाणी आणि चिखल उडतो. डबा फुटला आहे आणि मूळचा मिळत नाही, तेव्हा हा मार्ग योग्य आहे. जपानी बनावटीच्या जुन्या चार सिलिंडरच्या गाड्यांत, जेथे स्लाइड हवेच्या दाबाने उचलली जाते, तेथे डब्यातील शांत हवेवर सारे अवलंबून असते. असे काम अनुभव नसेल तर नाकारलेले बरे.

जेट बसवण्याच्या चाचण्यांची मजुरी आधीच सांगून घ्यावी, कारण खरा वेळ तेथेच जातो. पीयूसी चाचणी नव्या जेटवर करून घ्यावी. बिलावर जुना आणि नवा जेट नंबर लिहावा. काढलेला डबा ही गिऱ्हाइकाची अमानत आहे. तो भंगारात न टाकता पुसून, नटबोल्टसकट परत करावा, कारण मूळ डबा असलेल्या गाडीला विकताना जास्त किंमत येते. शंभर-दीडशे किलोमीटरनंतर गाडी पुन्हा बोलवावी, फिल्टरचे पट्टे आवळावेत, प्लग पाहावा. कापडी फिल्टर धुतल्यावर सावलीत वाळवावा, हवेच्या नळीने झोडपू नये, आणि त्याला पुन्हा तेल द्यावे.