कवटी उघडणार म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : माझ्या आईच्या (वय ५८) डोक्यात मेनिन्जिओमाची गाठ आहे. डॉक्टर कवटी उघडून शस्त्रक्रिया करायला सांगतात. डोकं कायमचं कमजोर होईल, आई आम्हाला ओळखणार नाही, अशी भीती वाटते.
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुमची काळजी स्वाभाविक आहे. पण ही गाठ मेंदूच्या आवरणातून वाढते आणि बहुतेकदा कर्करोगाची नसते. कवटीचा तुकडा तात्पुरता काढतात आणि नंतर बहुधा टायटॅनियमच्या पट्ट्यांनी पुन्हा जागेवर बसवतात. हाड हळूहळू सांधतं. स्मरणशक्तीला किंवा बोलण्याला धोका किती, हे गाठीच्या जागेवरून ठरतं. एमआरआय समोर ठेवून सर्जनना तेच विचारा. गाठ लहान असेल तर नुसती देखरेख किंवा रेडिओसर्जरी (नेमक्या किरणांनी उपचार) चालेल का, हेही विचारा. दुसरं मत घ्यायला संकोच नको.

शस्त्रक्रियेनंतर डोळ्यांभोवती सूज, जखमेजवळ बधिरपणा आणि काही आठवडे थकवा हे बऱ्याच रुग्णांना जाणवतं. मात्र ताप, जखमेतून पाणी, फिट, वाढती डोकेदुखी किंवा गुंगी दिसली तर लगेच रुग्णालय गाठा. फिटच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या स्वतःहून बंद करू नका. आईंच्याही शंका लिहून घ्या आणि डॉक्टरांकडे त्यांना सोबत न्या. माहिती मिळाली की भीती निम्मी होते.