ओ-रिंग बसवतानाच कातरली जाते

प्रश्न : आमच्या वर्कशॉपमध्ये कार्ट्रिज ऑइल फिल्टरचे हाउसिंग बनते. चाचणीत काही नग झाकणापाशी गळतात. ओ-रिंग आणखी जाड घ्यावी का?

उत्तर : जाड रिंग मुळीच घेऊ नका, ती अधिकच कातरली जाईल. गळका नग उघडून रिंग भिंगाखाली पाहा. एका बाजूला सोलल्यासारखा काप दिसला, तर दोष रिंगचा नाही, हाउसिंगच्या तोंडाचा आहे. तिथे नव्वद अंशांची धार असेल, तर रिंग दाबली जाण्याआधीच कापली जाते. तोंडाला १५ ते २० अंशांचा उतार द्या आणि त्याची सुरुवात मोकळ्या रिंगच्या बाहेरच्या व्यासापेक्षा मोठी ठेवा. बर काढायला विसरू नका. (ड्रॉइंगवर नुसते 'धार मारा' लिहिले की प्रत्येक कारागीर आपापल्या परीने मारतो!)

रिंग आट्यांवरून घासत जात असेल, तर सीलचा व्यास आट्यांच्या आतल्या व्यासापेक्षा लहान करा. शिवाय रिंग टेकण्याआधी दोन-तीन आटे मोकळे लागू द्या. नाहीतर झाकण तिरके चढते आणि फिटरला दोष मिळतो.

३.५३ मिमी जाडीच्या रिंगला साधारण २.८ मिमी जागा ठेवली, की सुमारे २० टक्के दाब मिळतो. खाच मात्र रुंद हवी, कारण गरम तेलात रबर फुगते. बसवण्यापूर्वी रिंगला इंजिन ऑइलचे बोट लावा.