जुनी हवाबंदूक घेण्यापूर्वीं

सन २०२२ मध्यें कैरो येथें ठाण्याचे रुद्रांक्ष पाटील १० मीटर एअर रायफलचे जगज्जेते झाले. अशा वार्ता ऐकून मुलें छर्ऱ्याची बंदूक मागतात, आणि नवी महाग म्हणून वडील जुनी शोधूं लागतात. सातबारा पाहिल्यावांचून आपण गुंठाभर जमीन घेत नाहीं. येथें मात्र दस्त्याची चकाकी पाहून पैसे मोजले जातात. आम्ही निजामपुऱ्यांत राहून जें पाहिलें तें कमानीच्या, नळी मोडून भरावयाच्या बंदुकीपुरतें सांगतों.

प्रथम स्क्रूंचीं डोकीं पाहावीं. खांचांच्या कडा उडालेल्या असल्यास बंदूक उघडलेली आहे. उघडणें हा दोष नव्हे. कशासाठीं उघडली, हें विचारावें. पुष्कळदां जोर वाढविण्यासाठीं आंत जाड कमान घातलेली असते. मग नळी मोडण्यास फार बळ लागतें, बार होतांना दस्ता उसळतो, व बिजागरीवर न पेलणारा ताण येतो. धूर किंवा जळक्या तेलाचा वास आल्यास आंत तेल साचलेलें आहे. तो जोर खरा समजूं नये.

शस्त्र नियम, २०१६ प्रमाणें ४.५ मि.मी. व्यासाच्या व २० ज्यूलपर्यंत शक्तीच्या हवाबंदुकीस परवाना लागत नाहीं. ती मर्यादा ओलांडलेली बंदूक घेऊन ‘फेरफार आम्ही केला नाहीं’ असें म्हटल्यानें सुटका होत नाहीं. ४.५ चा छर्रा अंगठ्यानें किंचित् दाबून बसावा. आपोआप घसरत गेल्यास नळी झिजलेली किंवा मोठ्या व्यासाची आहे.

चाप तपासतांना मुलांस दूर ठेवावें. नळी मोडलेली असतां तिच्यावरील हात सोडूं नये व चापास बोट लावूं नये. आंतील अडकण झिजलें असल्यास नळी फटकन् मिटते आणि बोटें चिरडतात. हा दोष आढळल्यास बंदूक फुकट मिळाली तरी परत करावी.

नळी मिटल्यावर ती आडवी हलूं नये. सांध्यावर पातळ कागदाची पट्टी ठेवून, मागें मातीचा बांध पाहून बार करावा. पट्टी उडाल्यास वायसर गेला आहे, पण तो स्वस्तांत बदलतो. नळींतील गंजाचे खड्डे मात्र जात नाहींत. छर्ऱ्यावांचून बार करून दाखविणारा विक्रेता दट्ट्याचा नाश करीत असतो, हें ओळखावें. शेवटीं टेकू देऊन १० मीटरवरून पांच छर्रे मारावे. ते रुपयाएवढ्या जागेंत न पडल्यास किंमत त्या मानानें उतरवावी.

पिकावरील पोपट मारण्यासाठीं ही खरेदी असेल तर करूंच नये. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें तो गुन्हा आहे. पावतीवर विक्रेत्याचें नांव, पत्ता व बंदुकीचा क्रमांक लिहून घ्यावा. क्रमांक घासलेला दिसल्यास सौदा तेथेंच थांबवावा.