नॉर्वेंतील पूर्वजांचा शोध

१८२५ सालीं नॉर्वे देशांतील स्टाव्हांगर बंदरांतून अमेरिकेस पहिली टोळी निघाली. पुढील शंभर वर्षांत सुमारें आठ लक्ष लोक गेले. त्यांचे वंशज आज तेथील मंडळ्यांच्या जुन्या वह्यांत आपले पूर्वज शोधितात. त्यांतील मर्म आम्ही थोडक्यांत सांगतों.

केवळ नांवावर विसंबणारा फसतो. त्या देशाच्या खेड्यांत लार्सचा मुलगा ओले तो ओले लार्सन, आणि ओलेचा मुलगा ओल्सन, अशी चाल होती. आडनांवाचा कायदा १९२३ सालीं झाला. एकाच मंडळींत अनेक ओले लार्सन सांपडतात. म्हणून शेतवाडीचें नांव, बाप्तिस्म्याचा दिवस व साक्षीदार हीं सर्व जुळवावीं; साक्षीदार बहुधा आप्त किंवा शेजारी असत.

१६८५ सालीं पाळकांस अशी वही ठेवण्याची आज्ञा झाली. १८१२ सालीं देवळाच्या सेवकानेंही दुसरी वही लिहावी, आणि दोन्ही वह्या रात्रीं एका छपराखालीं राहूं नयेत, असें ठरलें. एक जळाली तरी दुसरी उरावी, हा हेतु.

पाहा, गरीब शेतमजुराच्या लेंकराची ती एक ओळ! ती कोणी नीट लिहिली, म्हणून दोनशें वर्षांनीं दूर देशींच्या वंशजास आपलें घर सांपडतें. वही लिहिणाऱ्या बंधूंनो, आळस करूं नका.