मांडव्याचे धावपटू आणि आपले क्रीडांगण

युसूफ वडगाव येथील शिक्षकांच्या बैठकीत गेल्या खेपेस एका शिक्षकबंधूंनी आपली अडचण मांडली. त्यांच्या पाचवीच्या वर्गातील एका मुलाने कबड्डीपटूंचा लिलाव दूरचित्रवाणीवर पाहिला व दुसऱ्या दिवशी विचारले, "गुरुजी, नुसते खेळून पोट भरते का?" होय म्हणावे तर मुलगा उद्या दप्तर कोपऱ्यात टाकील, नाही म्हणावे तर आपण असत्य बोललो असे होईल. गुरुजींनी त्या वेळी विषय बदलला. बैठकीतही त्यांस समाधानकारक उत्तर मिळाले नाही, म्हणून तो प्रश्न येथे विचारासाठी घेतला आहे.

खेळ हा उपजीविकेचा व्यवसाय होणे ही गोष्ट तशी अलीकडची. रग्बी ह्या खेळाचेच पाहावे. इंग्लंडमधील रग्बी गावच्या शाळेवरून त्यास नाव पडले व त्याचे पहिले लेखी नियम त्या शाळेच्या विद्यार्थ्यांनी 1845 मध्ये तयार केले. त्याच्या रग्बी युनियन ह्या प्रकारात खेळाडूस वेतन घेण्याची अधिकृत मुभा 1995 साली मिळाली. आज इंग्लंड-फ्रान्समध्ये अठरा-एकोणीस वर्षांचे तरुण संघाशी करार करून खेळतात. आपल्याकडे कबड्डीची व्यावसायिक स्पर्धा 2014 पासून भरू लागली. कोल्हापूर जिल्ह्यातील सिद्धार्थ देसाई ह्यांना 2019 च्या लिलावात 1 कोटी 45 लाख रुपये मिळाले. हा आकडा खरा आहे. परंतु तो एका खेळाडूचा व एका हंगामाचा आहे, हे मुलांस कोणी सांगत नाही. अशा खेळाडूचे भांडवल म्हणजे त्याचे शरीर. ते एका धक्क्यात अधू होऊ शकते, आणि न झाले तरी पस्तिशीच्या आसपास बहुतेकांस मैदान सोडावेच लागते. शेतकऱ्याच्या मुलास हे समजावून सांगणे कठीण जाऊ नये. एकाच पावसावर अवलंबून असलेले पीक त्याने पाहिलेले असते.

ह्या व्यवसायाचा अभ्यास करण्यास दूर जाण्याचे कारण नाही. आपल्याच जिल्ह्याच्या पश्चिमेस, आष्टी तालुक्यातील मांडवा येथे 13 सप्टेंबर 1994 रोजी जन्मलेले श्री. अविनाश साबळे ह्यांचे उदाहरण आपल्यासमोर आहे. आईवडील शेतकरी, मोलमजुरीही करीत. शाळा घरापासून सुमारे सहा किलोमीटर, वाहनाची सोय नाही, म्हणून मुलगा चालत वा धावत शाळेत जाई. बारावीनंतर ते सैन्यात दाखल झाले व 5 महार पलटणीत असताना त्यांनी सियाचीनची थंडी व राजस्थानचे वाळवंट दोन्ही अनुभवले. 2015 पासून ते सैन्यातील क्रॉस-कंट्री शर्यतींत उतरू लागले. पुढे प्रशिक्षक श्री. अमरीश कुमार ह्यांनी त्यांस स्टीपलचेसकडे वळविले.

ही शर्यत मुलांस समजावून देण्याजोगी आहे. अंतर 3000 मीटर. वाटेत 28 साधे अडथळे व 7 पाण्याचे, एकूण 35. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची 91.4 सेंटिमीटर, म्हणजे तीन फूट. हा अडथळा पाय लागला तरी कलंडत नाही, पडतो तो धावणारा. पाण्याचा खड्डा 3.66 मीटर लांब असून अडथळ्यालगत खोल व पुढे उथळ होत जातो. जो लांब उडी घेईल त्याचे पाय कमी भिजतील.

श्री. गोपाल सैनी ह्यांनी 1981 मध्ये नोंदविलेला 8 मिनिटे 30.88 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम 37 वर्षे अबाधित होता. साबळे ह्यांनी 2018 मध्ये भुवनेश्वर येथे 8 मिनिटे 29.80 सेकंद अशी वेळ देऊन तो मोडला. त्यानंतर ते आपलाच विक्रम वारंवार मोडीत गेले आणि जुलै 2024 मध्ये पॅरिस येथे 8 मिनिटे 9.91 सेकंदांपर्यंत पोहोचले. सहा वर्षांत सुमारे वीस सेकंद! सेकंदासेकंदाचा हा हिशोब पाहिला म्हणजे लिलावाच्या आकड्यामागे काय असते त्याची थोडी कल्पना येते. मध्यंतरी टोकियो ऑलिम्पिकमध्ये 2021 साली राष्ट्रीय विक्रम करूनही त्यांस अंतिम फेरी मिळाली नव्हती. 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत मात्र ह्याच शर्यतीत सुवर्ण व 5000 मीटरमध्ये रौप्य मिळाले, आणि 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये अंतिम फेरी गाठून ते अकरावे आले.

पाचवीच्या दशांश अपूर्णांकांच्या पाठास 2022 ची बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल शर्यत घ्यावी. केनियाचे किबिवोट 8 मिनिटे 11.15 सेकंदांत पहिले आले, साबळे 8 मिनिटे 11.20 सेकंदांत दुसरे. फरक 0.05 सेकंद. एवढ्या वेळात किती अंतर कापले जाते? तीन हजार मीटरला सुमारे 491 सेकंद लागले, म्हणजे एका सेकंदास सरासरी सहा मीटर. सहास 0.05 ने गुणले की 0.30 मीटर, अर्थात 30 सेंटिमीटर. मुलांनी आपल्या दप्तरातील पट्टी काढून जमिनीवर ठेवावी: तीन किलोमीटर धावल्यानंतर सुवर्ण व रौप्य ह्यांमध्ये तेवढेच अंतर होते. (शेवटी वेग सरासरीहून अधिक असतो, हे एखादा चलाख मुलगा विचारीलच, त्यास शाबासकी द्यावी.)

ह्या पाठात जुलै 2025 देखील सांगावयास हवा. मोनॅको येथील शर्यतीत साबळे पाण्याच्या अडथळ्याजवळ पडले, गुडघ्यास गंभीर दुखापत होऊन शस्त्रक्रिया करावी लागली व त्या वर्षीची जागतिक स्पर्धा हुकली. पदकांच्या यादीतून हे वगळले तर त्या मुलाच्या प्रश्नाचे अर्धेच उत्तर दिल्यासारखे होईल.

उरलेले उत्तर त्यांच्या बारावीत व सैन्यातील नोकरीत आहे. धावण्याचा सराव चालू असताना त्यांना वेतन होते. ही वाटही आता जशीच्या तशी राहिलेली नाही. 2022 पासून अग्निपथ योजनेखाली जवानाची भरती चार वर्षांसाठी होते व त्यांतील जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांस पुढे कायम सेवेत घेतले जाते. म्हणून शाळेचे शिक्षण पूर्वीपेक्षा अधिकच लागणार. राज्यशासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत, पण तेथेही शैक्षणिक अर्हता प्रथम पाहिली जाते.

आता आपल्याकडे पाहू. बीटच्या व तालुक्याच्या स्पर्धा बहुधा हिवाळ्यात होतात. नेमक्या त्याच वेळी आपल्या पटावरील कितीतरी मुले आईबापांबरोबर ऊसतोडीस गेलेली असतात. मुकादमाची उचल घेतलेल्या घरातील मोठी मुलगी तर फडावर धाकट्या भावंडास सांभाळीत असते. रोज मैलोगणती चालणारी, मोळी उचलणारी ही मुले आपल्या निवडीच्या दिवशी मैदानावर नसतात, आणि आपण निवड झाली असे समजतो. हंगामी वसतिगृहात राहिलेल्या मुलांसही संध्याकाळी खेळास सोडले जाते किंवा नाही, हे मुख्याध्यापकांनी स्वतः पाहावे.

मी स्वतः शिक्षक असताना खो-खोचा संघ निवडून उरलेल्या मुलांस कडेला टाळ्या वाजविण्यास बसवीत असे. तालुक्यास ढाल मिळाली, तिचे मला मोठे भूषण वाटले. कडेला बसलेल्या मुलांपैकी एकाचेही नाव आज मला आठवत नाही. दहा वर्षांच्या मुलाकडे पाहून तो चोविसाव्या वर्षी काय करील हे ओळखण्याची विद्या कोणत्याही प्रशिक्षणात शिकवीत नाहीत, तरी मी ती आपल्यास अवगत आहे असे समजून वागत होतो.

तेव्हा माझी सूचना अशी. सर्व मुलांची, मुलींसह, धावण्याची व उडीची नोंद वर्षातून दोनदा घ्यावी: एकदा जुलै-ऑगस्टमध्ये, टोळ्या निघण्यापूर्वी, व एकदा त्या परतल्यावर. प्रत्येकाची तुलना त्याच्याच मागील नोंदीशी करावी. वही साधी चालेल. मुलाची शाळा बदलल्यास त्या नोंदीची प्रत दाखल्याबरोबर द्यावी. त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलासारख्यांस साबळे ह्यांची साले फळ्यावर लिहून द्यावी: जन्म 1994, पहिल्या क्रॉस-कंट्री शर्यती 2015, पहिला राष्ट्रीय विक्रम 2018, आशियाई सुवर्ण 2023, दुखापत 2025. प्रत्येक वेळचे वय मुलाने वजाबाकी करून काढावे व स्वतःच्या वयाशेजारी लिहावे.

मैदानावर अडथळे मांडावयाचे झाल्यास तीन फुटांचे मांडू नयेत. दोन मुलांनी सैल धरलेली दोरी किंवा ज्वारीचे धाट गुडघ्याइतक्या उंचीवर पुरे. पाय लागताच ते सुटले पाहिजे. उडी पडेल तेथील माती खोदून मऊ करावी व खडे वेचून घ्यावेत. मुरूम किंवा फरशी असलेल्या आवारात हा खेळ मुळीच घेऊ नये. तेथे केवळ धावण्याची नोंद घ्यावी.