कूस बदलली की घर का फिरतं?

प्रश्न : आईचं वय बासष्ट. उजव्या कुशीवर वळली की घर गरगर फिरतं, मिनिटभरात थांबतं. फळीवरचा डबा काढायला मान वर केली तरी तेच. एक्स-रेत ‘मणक्यात गॅप’ निघाला, गोळ्या चालू आहेत. आता नांदेडला कान तपासा म्हणतात. तिला ऐकू तर चांगलं येतं!
— एक वाचक, हट्टा (ता. वसमत)

उत्तर : साठीनंतर मणक्यांची झीज बहुतेकांच्या एक्स-रेत दिसते, तेवढ्यावरून चक्करीचं खापर मानेवर फोडू नये. ऐकण्याच्या भागाला लागूनच आतल्या कानात तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धगोल नळ्या असतात. शेजारच्या पिशवीतले कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे सुटून नळीत शिरले, की डोकं हलून थांबलं तरी ते आतला द्रव ढकलतात आणि स्थिर असूनही आपण फिरतोय असं मेंदूला वाटतं.

हे ओळखायला महागडं यंत्र बहुधा लागतच नाही. डिक्स आणि हॉलपाइक यांनी 1952 मध्ये मांडलेली तपासणी एका खाटेवर होते. रुग्णाला बसवून मान एका बाजूला 45 अंश वळवतात आणि झटकन मागे असं निजवतात की डोकं खाटेच्या कडेखाली किंचित लोंबतं. डोळे उघडेच ठेवायचे, कारण डॉक्टर तेच पाहत असतात. काही सेकंदांनी बुबुळं गोल फिरत झटके देऊ लागली आणि मिनिटाच्या आत थांबली, तर निदान जवळपास पक्कं. दोष सहसा खाली असलेल्या कानात. त्याच खाटेवर डोकं टप्प्याटप्प्याने वळवून खडे पिशवीत परत नेतात. ही एप्ली यांची युक्ती. पुष्कळांना एकाच बैठकीत आराम पडतो, गोळ्यांनी मात्र खडे हलत नाहीत.

कानात 30 आणि 44 अंशांचं पाणी सोडून करायची चाचणीही आहे. बारानी यांना 1914 चं नोबेल याच संशोधनासाठी मिळालं. पण तुम्ही सांगता त्या लक्षणांत ती आधी करायची गरज दिसत नाही.

बोलणं अडखळलं, दोन-दोन दिसू लागलं, हातापायातली ताकद गेली किंवा चालताच येईना, तर कानाच्या डॉक्टरांची वाट पाहू नका. तडक मोठं रुग्णालय गाठा.

नांदेडला जाण्याआधी चक्करीच्या गोळ्या किती दिवस थांबवायच्या ते डॉक्टरांना विचारा; त्या गोळ्यांनी डोळ्यांचे झटके दबू शकतात. मानेचं दुखणंही आधीच सांगा. आणि परतताना आईला मोटारसायकलवर मागे बसवू नका, एसटीने या.